तितर वाचवायचा तर माळ हवा, आणि पारधीही

महाशिवरात्र आली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. पण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांवर, पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत, माघातली पहाट बोचरीच असते. निरभ्र आभाळाखाली रात्रभर जमीन गारठते, तिच्या लगतची हवा थंड राहते आणि वरची किंचित उबदार. अशा हवेत आवाज लांबवर जातो. तितराच्या नराची खणखणीत, एकामागून एक येणारी हाक या वेळी दूरच्या वस्तीपर्यंत पोचते. हिवाळाभर लहान थव्याने बोरी-बाभळींखाली वावरणारे तितर आता जोड्या करू लागतात. प्रत्येक नर आपला तुकडा आखून घेतो आणि शेजारच्याला बजावतो की इकडे फिरकू नकोस. फासेपारध्यांची तितराची शिकार याच एका गोष्टीवर उभी राहिली. पिंजऱ्यातला बोलका तितर माळावर नेऊन ठेवायचा, त्याच्याभोवती बारीक काठ्यांना बांधलेल्या फाशांची रांग रोवायची आणि दूर जाऊन बसायचे. आपल्या हद्दीत परका नर ओरडतो आहे हे ऐकून तिथला नर भांडायला धावत येतो आणि फाशात अडकतो. बंदूक नाही, कुत्रा नाही; पक्ष्याच्या स्वभावाची पक्की जाण एवढेच भांडवल.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या जंगलांत, जवळजवळ हीच युक्ती वेगळ्या पक्ष्यावर चालते. तिथला रानटर्की हा आपल्या तितराचा दूरचा भाऊबंद. वसंत सुरू झाला की नर टर्की सूर्योदयापूर्वी झाडावरच्या बसण्याच्या जागेवरून घुमू लागतो आणि शिकारी झाडाला पाठ टेकून, मादीच्या आवाजाची नक्कल करत त्याला जवळ बोलावतो. उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिलमध्येही बर्फ पडते. दिवस मोठा होत असल्याने नराच्या अंगात वसंत आलेला असतो, पण गारठा आणि वारा वाढला की तो गप्प बसतो. त्या दिवसांत शिकाऱ्याचा कस लागतो. हा खेळ तिथे कायदेशीर आहे, परवान्याचा आहे आणि त्याला कडक नियम आहेत: ठरावीक आठवडे, ठरावीक संख्या, आणि वसंतात बहुतेक ठिकाणी फक्त नर, तोही छातीवरच्या केसाळ ‘दाढी’वरून ओळखून. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढची पिढी अडत नाही, हा त्यामागचा हिशेब.

त्या हिशेबाचे फळही दिसले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. उरलेल्यांचे अंदाज दोन लाख किंवा त्याहूनही खालचे आहेत. शतक संपेपर्यंत ही संख्या काही दशलक्षांवर गेली. म्हणून आपल्याकडेही अधूनमधून एक युक्तिवाद ऐकू येतो: सरसकट शिकारबंदी हे भाबडे धोरण आहे, परवाना देऊन, शुल्क घेऊन, मोजून शिकार होऊ द्या, त्या पैशातून वन्यजीव वाचवा. हा युक्तिवाद करणारे सगळेच काही बंदुकीचे हौशी नसतात. त्यात प्रामाणिक अभ्यासकही आहेत, आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे. माझे मत असे की शिकारबंदी योग्य आहे आणि ती राहिलीच पाहिजे. परंतु तेवढ्या बंदीने तितर, लावा, तणमोर, माळढोक यांपैकी एकही पक्षी वाचणार नाही, कारण यांना आज फाशापेक्षा नांगर, कुदळ आणि प्लॉटची खूण सांगणारे पांढरे दगड जास्त मारतात. बंदीचा सगळा भार मात्र आपण त्या पक्ष्याला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या माणसावर टाकला आहे.

टर्की परत कशाने आला, हे आधी नीट पाहू. परवान्याच्या नियमांनी मारले जाणारे पक्षी कमी झाले, हे खरेच. पण त्याच काळात पूर्व अमेरिकेतली कस नसलेली हजारो शेते सोडून दिली गेली आणि त्यांवर पुन्हा जंगल उगवले. टर्कीला राहायला जागा मिळाली. १९३७ साली तिथे एक कायदा झाला, ज्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या उत्पादन कराचा पैसा थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. १९५० च्या दशकापासून रानातले पक्षी मोठ्या जाळ्यांनी जिवंत पकडून रिकाम्या जंगलांत सोडण्याचे काम चिकाटीने झाले. म्हणजे जागा, पैसा आणि माणसांचे कष्ट या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तेव्हा पक्षी वाढला. जागा बिघडली की नियम असूनही तो घटतो, हेही तिथेच दिसते आहे: गेल्या काही वर्षांत दक्षिणेकडच्या काही राज्यांत टर्की पुन्हा कमी होऊ लागला, आणि हंगाम पुढे ढकलणे, संख्येची मर्यादा खाली आणणे असे उपाय तिथल्या खात्यांना करावे लागले. तिथून शिकायचे असेल तर शिकारीचा परवाना हे त्या गोष्टीचे एक पान आहे. पुस्तक अधिवासाचे आहे.

आणि ते एक पानही आपल्या माळावर लागू पडत नाही. आपला राखी तितर नर आहे की मादी, हे दुरून सांगता येत नाही. दोघांचा रंग सारखाच, नराच्या पायावर आरी असते एवढाच फरक, आणि तो हातात घेतल्याशिवाय कळत नाही. ‘फक्त नर मारा’ हा नियम अशा पक्ष्याला लावणार कसा? दुसरे असे की तितर जोडीने राहतो. एक नर गेला की एक जोडी मोडते, एका हंगामाचे घरटे जाते. टर्कीसारखे दुसऱ्याने ती जागा भरून काढावी असे तिथे घडत नाही. वजनाचाही विचार करावा. पूर्ण वाढलेला टर्कीचा नर आठ-दहा किलो भरतो, त्यावर एक कुटुंब जेवते. तितर पाव किलोच्या आसपास. एका मेजवानीसाठी एका माळावरचे सगळे तितर उचलावे लागतील. आणि परवाने निघालेच तर ते कोणाला मिळणार, हेही उघड बोलले पाहिजे. ज्याच्याकडे पत्ता आहे, कागद आहेत, बंदूक आहे आणि जीप आहे, त्याला. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही त्याचा फास तेव्हाही गुन्हाच ठरेल.

हा फरक नवा नाही. आपल्या देशात शिकारीला दोन नावे होती, दोन वजने होती. राजाची शिकार हा पराक्रम, साहेबाची शिकार हा खेळ, आणि पोट भरण्यासाठी फास लावणाऱ्याची शिकार ही चोरी. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही माणसाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली जाई. त्याच काळात इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, आणि आपल्या प्रांतात पारध्यांवरही तो शिक्का बसला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली. हजेरी दिल्याशिवाय गाव सोडता येत नव्हते. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. कागदावरचा शिक्का पुसला; ठाण्यातला आणि गावातला राहिला. आजही एखाद्या गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालांकडे वळते, हे ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

वन्यजीवांच्या कायद्याचा प्रवास यालाच समांतर चालला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू-पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच्या घडणीत हुमायून अब्दुलअली या पक्षिशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता आणि देशात तो अशा कायद्यांचा आदर्श मानला गेला. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार, आणि प्राणी सापळ्यात धरण्याचाही एक. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने संपले. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम वाढवली. सर्वसाधारण गुन्ह्यासाठीची कमाल २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर गेली. या प्रत्येक पावलामागचा हेतू चांगला होता, आणि मी त्यातले एकही मागे घ्या असे म्हणत नाही. पण १९७२ पासून आजपर्यंत कायद्याने ज्या माणसाची उपजीविका बंद केली, त्याला पर्यायी उपजीविका देण्याचे कलम कुठल्याही दुरुस्तीत आले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात पारधी म्हणून नोंदलेल्या लोकांची संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. त्यांतले अनेक आज शेतमजुरी करतात, राखणीला राहतात, वीटभट्टीवर जातात, पुण्याच्या सिग्नलवर फुगे विकतात. त्यांच्या आजोबांना माळावरच्या प्रत्येक पक्ष्याचे घरटे, वाट, पाणी आणि आवाज ठाऊक होते. ते ज्ञान गुन्ह्याचा पुरावा समजले गेल्याने मुलांना शिकवले गेले नाही.

आता माळाकडे वळू, कारण खरा घात तिथे झाला आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे, निसर्ग घनदाट जंगल उगवत नाही. तिथे पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी असे गवत येते, मधूनच हिवर, बोर, बाभूळ, तरवड. ही हजारो वर्षांची, पूर्ण वाढलेली, आपल्या पायावर उभी असलेली व्यवस्था आहे. लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक, पखुर्डी, चंडोल आणि तितर या सगळ्यांचे ते घर. पण इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा येत नाही आणि इमारती लाकूडही मिळत नाही, ती जमीन पडीक. स्वतंत्र भारताने ती नोंद जशीच्या तशी चालू ठेवली. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते, २०१९ मध्येही केले. त्यांत झुडपी माळ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार आहे. शब्द एकदा पडीक झाला की पुढचे सगळे आपोआप होते. पडीक जमिनीवर झाडे लावणे हे पुण्य, कारखाना आणणे हा विकास, सौर पॅनेल पसरणे हे पर्यावरणरक्षण. जमिनीवर चार पानांच्या आडोशाला, नुसत्या खळग्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याची नोंद या हिशेबात कुठल्याच रकान्यात येत नाही.

२०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. दोन कोटींपासून सुरुवात करून अखेरच्या वर्षी तेहतीस कोटींचे लक्ष्य ठेवले गेले. लोकांनी मनापासून भाग घेतला, शाळांनी, कार्यालयांनी, शेतकऱ्यांनीही. पण एवढ्या झाडांना मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ. उन्हाळ्यात यंत्राने खड्डे आणि समतल चर खोदले गेले, पवन्याची मुळे उचकटली, ओळीने रोपे उभी राहिली. त्यातली जी जगली त्यांनी सावली धरली आणि सावलीखाली माळाचे गवत जगत नाही. जी मेली त्यांच्या जागी उघडी माती आणि तण उरले. पक्ष्यासाठी दोन्हींचा परिणाम एकच. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला २०२३ चा ‘भारतीय पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल हेच सांगतो: गवताळ आणि मोकळ्या अधिवासांवर विसंबलेले पक्षी विशेष वेगाने घटत आहेत. शिकारबंदी देशभर आहे, जंगलातल्या पक्ष्यालाही आणि माळावरच्याही. मग माळावरचाच इतक्या झपाट्याने का घटतो, याचे उत्तर फाशात सापडत नाही.

पुणे शहराच्या पोटातही हेच घडले आहे. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगावच्या उतारांवर एके काळी गवत आणि विरळ काटेरी झाडे होती. हिरवाई लवकर दिसावी म्हणून तिथे गिरिपुष्प, म्हणजे ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात ते ग्लिरिसिडिया, मोठ्या प्रमाणावर लावले गेले. परदेशी झाड, वेगाने वाढते, त्याच्याखाली गवत टिकत नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्याला सावली मिळाली, तितराच्या राहण्याच्या जागा आक्रसल्या. जिथे अजून गवताचे तुकडे आहेत तिथे आजही पहाटे त्याची हाक ऐकू येते. टेकड्या बांधकामापासून वाचवण्यासाठी पुणेकरांनी वर्षानुवर्षे लढा दिला, जैवविविधता उद्यानाचे आरक्षण मिळवले, वेताळ टेकडीवरच्या रस्त्याला विरोध केला. तो लढा मोलाचा आहे. त्यात एक मागणी जोडावी लागेल: टेकडी वाचवणे म्हणजे टेकडीवरचे गवत वाचवणेही.

माळाचे सर्वांत कडू उदाहरण सोलापूरचे. १९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात गावे, शहरे, उसाची शेते सगळेच आले. शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा व्यवहार करणे अवघड झाले, तो पक्ष्यावर रागावला, आणि पुढे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान पाणी आले, ऊस आला, द्राक्षे आली, माळ नांगराखाली गेला. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. शिकाऱ्याला दूर ठेवणारा कायदा तिथे सगळा वेळ लागू होता. आपल्या सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य याउलट जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, १९९७ मधले, पण तिथे गवत राखले गेले आणि चिंकारा टिकला. अफाट रेषा आखण्यापेक्षा लहान तुकडा नीट सांभाळणे जास्त उपयोगी पडते, एवढे या दोन उदाहरणांवरून म्हणता येते.

माळ सांभाळायचा, तर सांभाळणार कोण? इथे मी पारध्याकडे बोट दाखवतो, आणि इथेच सर्वांत जोराचा आक्षेप येतो: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? वाघांच्या चोरट्या शिकारीत मध्य भारतातल्या पारंपरिक शिकारी टोळ्यांची नावे आली आहेत, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण टोळीचा गुन्हा साऱ्या जमातीच्या कपाळी मारणे हीच १८७१ ची चूक होती. शिवाय याच प्रश्नाला मध्य प्रदेशातल्या पन्न्यात एक उत्तर मिळाले आहे. २००९ पर्यंत त्या व्याघ्र प्रकल्पातले सगळे वाघ संपले होते. पुढे वाघ बाहेरून आणून सोडले गेले, आणि त्याच परिसरातले पारधी तरुण पर्यटकांना जंगल वाचायला शिकवणारे वाटाडे झाले. माग, आवाज, विष्ठा, मोडलेली काडी यांवरून प्राणी कसा ओळखायचा ते दाखवू लागले. जे कसब पूर्वी मारायला वापरले जाई, त्यालाच मजुरी आणि मान मिळाला.

आपल्याकडचे उदाहरण तर आणखी जवळचे, थेट माळाचे आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांसोबत गवताळ माळ राखण्याचे काम करत आली आहे. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी कुठे उतरतो, केव्हा नाचतो, कुठले गवत त्याला लागते, हे सांगणारे पहिले लोक पारधीच होते. आणि पारध्याच्या शिकारीला आपले नियम होते, ही कोणाची भावुक कल्पना नाही. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या जमातींचा अभ्यास केला. एकाच मुलखात राहूनही तिघांनी शिकार वाटून घेतली होती: पारध्याचे काळवीट आणि पक्षी, इतरांचे दुसरे प्राणी, पद्धतीही वेगळ्या. फाशात सापडलेली गाभण मादी आणि पाडस सोडून देण्याची पारध्यांची रीत त्यांनी नोंदवली. अमेरिकेतल्या ‘फक्त नर’ या नियमाचा हा आपला जुना भाऊ, कुठल्याही खात्याने न लिहिलेला. ती रीत मोडली कधी? माळ कमी झाला, शिकार लपूनछपून करावी लागली आणि उद्या हाच माळ आपला असेल याची खात्री उरली नाही तेव्हा. उद्याची खात्री नसलेला माणूस आजचे सगळे उचलतो; यात पारध्याचा स्वभाव शोधू नये, कोणाचाही तोच असतो. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी-लेखकानेही पारध्यांकडून जंगल शिकल्याचे आदराने सांगितले आहे. एका मोठ्या वनाधिकाऱ्याला जे शिकता आले ते खात्याला शिकता येऊ नये, असे काही नाही.

दुसरा आक्षेप झाडांच्या बाजूने येतो, आणि तो प्रामाणिक आहे. तापमान वाढते आहे, पुण्याचे उन्हाळे असह्य होत आहेत, मग झाडे लावायची नाहीत का? लावायची, जिथे झाडे होती तिथे: रस्त्यांच्या कडेला, नदीकाठी, शेताच्या बांधावर, शहराच्या रिकाम्या भूखंडांवर, सह्याद्रीच्या तुटलेल्या उतारांवर. माळाचे गवत आपला कर्ब मुळांत आणि मातीत साठवते. वणवा गेला, दुष्काळ पडला, तरी तो बराचसा जमिनीतच राहतो. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात टँकरने जगवलेले झाड त्या मातीला उचकटून उभे करणे हा तोट्याचा सौदा आहे. तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा: आम्ही पक्षी सांभाळायचे आणि आम्हाला काय? तितर वाळवी, टोळ, अळ्या आणि तणांचे बी खातो. तो ज्वारीच्या कडेने फिरतो तेव्हा बहुतेक वेळा शेताचेच काम करत असतो. मेंढपाळाचेही माळाशी वैर नाही. धनगराची मेंढरे माफक चरून पुढे गेली तर गवत उलट जोमाने फुटते. माळाला खाऊन टाकणारी गोष्ट म्हणजे त्याचा वापर कायमचा बदलणे, आणि ती ना पारधी करतो ना धनगर.

शहरातल्या वाचकाचाही यात एक हिस्सा आहे, तो कटू असला तरी मांडायला हवा. आज जो थोडा तितर, ससा, लावा चोरून मारला जातो, त्याला गिऱ्हाईक कोण? हिवाळ्यातल्या फार्महाउसच्या पार्ट्या, हमरस्त्यावरच्या काही स्वयंपाकघरांतून खासगीत मिळणारे ‘रानातले’ मटण, गाडीच्या दिव्याच्या झोतात रात्री सशाच्या मागे धावणारी हौशी टोळी. पक्षी धरणाऱ्याला थोडे पैसे मिळतात आणि तुरुंगाची भीती. खाणाऱ्याला काहीच होत नाही. पाळीव जपानी लावा बाजारात उघड मिळतो, त्याची शेती कायदेशीर आहे. ज्याला चवच हवी त्याला तो पुरे. ‘रानातला’ म्हणून वाढले जाणारे ताट परत पाठवणे हे वनरक्षकाच्या दहा फेऱ्यांइतके काम आहे.

करायचे काय, तेही धूसर नाही. महसूल आणि वन खात्याच्या दप्तरात ‘पडीक’ हा शब्द काढून ‘नैसर्गिक गवताळ माळ’ अशी स्वतंत्र नोंद व्हावी, आणि अशी नोंद असलेल्या गटावर खड्डे, चर आणि लागवड यांना मनाई असावी. जंगल तोडल्याची भरपाई म्हणून जमा होणारा जो निधी आज मुख्यतः झाडे लावण्याकडे जातो, त्यातला वाटा गवत राखण्यासाठी मोकळा व्हावा. अमेरिकेने काडतुसावरच्या करातून जे साधले ते आपल्याला एकही गोळी न झाडता साधता येईल, पैसा आधीच तिजोरीत आहे. वन हक्क कायद्याने २००६ मध्ये आदिवासींना सामूहिक वनक्षेत्र राखण्याचा हक्क दिला; फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, पण फिरत्या जमातीला गावठाणाचा पुरावा मागितला की तो हक्क कागदावर राहतो, म्हणून तिथे शासनाने पुराव्याची अट त्यांच्या जगण्याला धरून लावावी. आणि इंदापूरच्या कडबनवाडीत, बारामतीच्या शिर्सुफळमध्ये वन विभागाने गवताळ प्रदेशाची जी सफारी सुरू केली आहे, तिथे वाटाडे, मोजणीदार आणि राखणदार म्हणून शेजारच्या पालांवरच्या पारधी तरुण-तरुणींना पगारावर घेण्यापासून सुरुवात करता येईल. रोजंदारीवर नव्हे, गणवेश देऊन, बारमाही पगारावर. तितर मोजायचा तर पहाटे हाका मोजाव्या लागतात. ते काम त्यांच्याइतके चोख कोणी करणार नाही.

शिकारबंदी कडक करा अशी मागणी दर हिवाळ्यात होते, एखादा फास सापडल्याचा फोटो छापून येतो आणि चार दिवसांनी विषय मागे पडतो. वन विभागाने या वर्षी त्याऐवजी पावसाळी लागवडीच्या निविदा काढण्याआधी माळाचे गट वेगळे काढावेत आणि त्यांची यादी तालुक्यागणिक जाहीर करावी. वेळ फार नाही. तितराची अंडी एप्रिलपासून जमिनीवर असतात, आणि खड्ड्यांची कामे त्याच उन्हाळ्यात सुरू होतात.